कणखर की कठोर?

क्रांतिकारक म्हटलं की आपल्याला तुरुंग आठवतो, फाशीचा दोर आठवतो. पण क्रांती जिंकल्यावर खुर्चीत बसलेली बाई? तिच्या टेबलावर कुठले कागद येत असतील? येव्हगेनिया बॉशबद्दल वाचलं तेव्हापासून हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

जन्म 1879 चा, झारच्या रशियातल्या खेरसोन प्रांतात. शाळा जेमतेम तीन वर्षं. सोळा-सतराव्या वर्षी लग्न. नवऱ्याचा घोडागाड्यांचा कारखाना, म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर. पदरात दोन मुली. आणि ही बाई 1901 मध्ये बंदी असलेल्या समाजवादी पक्षात गेली! 1907 मध्ये तिने नवऱ्याचं घर सोडलं, ते मुलींना बरोबर घेऊन. किएव्हमध्ये बिऱ्हाड थाटलं आणि पक्षाचं छुपं काम सुरू झालं.

1912 मध्ये ती पकडली गेली. आधीच क्षयाने पोखरलेलं शरीर, त्यात तुरुंग आणि सैबेरियात हद्दपारी. तिथूनही ती निसटली आणि जपान, अमेरिका करत स्वित्झर्लंडला पोचली. जवळजवळ पृथ्वीप्रदक्षिणाच की! 1917 च्या क्रांतीत परतली. वर्षअखेर खारकोवला युक्रेनचं पहिलं सोव्हिएत सरकार बनलं, त्यात गृहखातं तिच्याकडे आलं. पुढे जर्मनीशी झालेला तह पटला नाही म्हणून तिने तेही सोडलं.

मग ऑगस्ट 1918 मध्ये लेनिनने तिला पेन्झा प्रांतात पक्षाचं काम बघायला पाठवलं. शहरं उपाशी होती. खेड्यापाड्यांत बंदूकधारी तुकड्या जाऊन शेतकऱ्यांचं धान्य उचलत होत्या. पेरणाऱ्याच्या घरातला दाणा जबरदस्तीने न्यायचा, तर तो गप्प कसा बसेल? कुच्की गावात उठाव झाला. मॉस्कोहून तारांवर तारा आल्या. 11 ऑगस्टच्या पत्रात लेनिनने तिला आणि तिथल्या सहकाऱ्यांना कळवलं, की किमान शंभर श्रीमंत शेतकऱ्यांना लोकांच्या डोळ्यांदेखत फाशी द्या. हे पत्र जगापुढे आलं ते सोव्हिएत संघ मोडल्यावर.

स्थानिक मंडळींपैकी काहींना समजावणीने घ्यावं असं वाटत होतं. बॉश मात्र बळ वापरा म्हणणाऱ्यांत होती. उठाव चिरडला गेला, म्होरक्यांना गोळ्या घातल्या. वरून हुकूम होता, हे खरं. तरीही इथे मला तिची बाजू घेववत नाही. दोन मुलींचा हात धरून घर सोडणारी ती बाई मला जवळची वाटते, पेन्झाच्या कचेरीतली नाही. पण बाई एकच, त्याला काय करणार?

पुढे तब्येतीने हात टेकले. आजारपणात तिने युक्रेनमधल्या लढ्यावर पुस्तक लिहिलं. 1923 मध्ये पक्षातली लोकशाही आटतेय, असं बजावणाऱ्या 46 जणांच्या निवेदनावर तिने सही केली. ज्या पक्षासाठी इतकं केलं, त्यात ती आता विरोधी गटातली ठरली. 5 जानेवारी 1925 ला तिने स्वतःवर गोळी झाडून घेतली. वय अवघं 45. आत्महत्या केलेलीला कुठला मान द्यायचा, यावर पक्षात खल झाला. क्रेमलिनच्या भिंतीत जागा मिळाली नाहीच.

किएव्हमध्ये मात्र त्याच वर्षी नीपर नदीवरच्या नव्याने बांधलेल्या पुलाला तिचं नाव दिलं. सप्टेंबर 1941 मध्ये जर्मन फौजा आल्या तेव्हा माघार घेणाऱ्या सोव्हिएत सैन्यानेच तो उडवून दिला.