वाकून जिंकणारे गुरुजी

मुलांनो, वर्गात एखादा मुलगा अंगाने किरकोळ असतो. दांडगट मुले त्याला धक्के देतात, चिडवतात. तो बिचारा मुकाट्याने सोसतो. असा मुलगा तुम्ही पाहिला असेल. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी जपानमध्ये असाच एक मुलगा होता. त्याचे नाव जिगोरो कानो.

कानो यांचा जन्म 1860 साली कोबे शहराजवळील मिकागे या गावी झाला. ते नऊ-दहा वर्षांचे असताना त्यांची आई वारली. पुढे ते शिक्षणासाठी टोकियोला आले. अभ्यासात ते हुशार होते. पण उंची कमी आणि शरीर कृश. शाळेतील धटिंगण मुले त्यांना त्रास देत. जुजुत्सू नावाच्या जुन्या विद्येने दुबळा माणूसही बलवानाला पाडू शकतो, असे त्यांनी ऐकले होते. ती विद्या शिकायचीच, असे त्यांनी ठरवले.

पण शिकवणार कोण? जपानमध्ये नवे युग सुरू झाले होते. लोक जुन्या विद्यांना नाके मुरडत होते. वडिलांनाही हा नाद पसंत नव्हता. जुजुत्सूचे काही उस्ताद हाडे बसवून पोट भरतात, हे कानोंना समजले. म्हणून ते हाडवैद्यांकडे जाऊन चौकशी करू लागले. शेवटी 1877 मध्ये फुकुदा नावाचे गुरू भेटले. त्याच वर्षी कानो विद्यापीठातही दाखल झाले.

तेथे एक वजनदार सोबती त्यांना नेहमी हरवत असे. कानो रडत बसले नाहीत. त्यांनी सुमो कुस्तीचे डाव पाहिले. तेवढ्याने भागेना, तेव्हा ग्रंथालयात जाऊन परदेशी कुस्तीची पुस्तके चाळली. त्यांतून त्यांनी एक नवा डाव बसवला आणि त्या सोबत्याला खांद्यावर उचलून खाली टाकले!

1882 साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी टोकियोतील एका बौद्ध मंदिरात स्वतःची शाळा काढली. तिचे नाव कोदोकान. जागा फक्त बारा चटयांची आणि विद्यार्थी नऊ! मुले धाडधाड पडत आणि मंदिराची जमीन हादरत असे. कानोंनी जीवघेणे डाव सरावातून वगळले आणि आपल्या विद्येला ज्युदो असे नाव दिले. 'जू' म्हणजे मृदुपणा आणि 'दो' म्हणजे मार्ग.

हा मृदुपणा कसा जिंकतो? कानो ते गणिताने समजावून सांगत. समजा, समोरच्याची ताकद 10 आहे आणि तुमची 7. त्याने ढकलले आणि तुम्हीही उलट ढकललेत, तर तुम्ही हरणार. पण आपला तोल सांभाळून तुम्ही तेवढेच मागे सरलात, तर तो पुढे झुकेल. त्याचा तोल गेला, की त्याची ताकद 3 एवढीच उरेल. मग तुमची निम्मी ताकदही पुरेशी होईल. शक्तीचा उत्तम उपयोग करणे, हे ज्युदोचे पहिले तत्त्व.

दुसरे तत्त्व आहे स्वतःचे आणि दुसऱ्याचे मिळून भले करणे. जोडीदार नसेल तर सराव कोणाबरोबर करणार? म्हणून ज्युदोत आधी इजा न होता पडायला शिकवतात. हरलेल्याने चटईवर थाप मारली, की पकड लगेच सोडावी लागते. खेळापूर्वी आणि खेळानंतर दोघेही एकमेकांना वाकून नमस्कार करतात. तुम्ही ज्याला अदब म्हणता, तीच ही!

कानो पेशाने शिक्षक होते. 1893 पासून वीसहून अधिक वर्षे त्यांनी शिक्षक घडवणारी एक मोठी संस्था चालवली. एक गंमत पाहा. मराठीत तालीम म्हणजे व्यायामशाळा आणि उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. कानोंच्या दृष्टीने या दोन्ही तालमी एकच होत्या. रवींद्रनाथ टागोरांनाही ही विद्या आवडली. 1929 मध्ये ताकागाकी नावाचे ज्युदोशिक्षक जपानहून शांतिनिकेतनात आले. तेथे मुलांबरोबर मुलीही ज्युदो शिकल्या.

1909 मध्ये कानो आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सदस्य झाले. 1940 चे ऑलिंपिक टोकियोत व्हावे म्हणून त्यांनी म्हातारपणी खूप प्रवास केला. तो मान टोकियोला मिळालाही. परंतु 1938 च्या मे महिन्यात, कैरोची बैठक आटोपून परतताना, बोटीवरच त्यांचे निधन झाले. तेव्हा जपानचे चीनशी युद्ध चालू होते. दोनच महिन्यांनी जपानने ते सामने सोडून दिले.

अखेर 1964 मध्ये टोकियोत ऑलिंपिक भरले आणि त्यात ज्युदोचा समावेश झाला. खुल्या गटाच्या अंतिम सामन्यात हॉलंडच्या गेसिंक यांनी जपानच्या कामिनागा यांना हरवले. गेसिंकचे देशबांधव आनंदाने चटईकडे धावले. गेसिंकने हात वर करून त्यांना थांबवले आणि मग प्रतिस्पर्ध्याला वाकून नमस्कार केला. जपान त्या दिवशी हरला. पण कानो गुरुजींची शिकवण जिंकली, असे तुम्हांला वाटत नाही का?