लसूण, हिरे आणि राणीचा डॉक्टर

गेल्या महिन्यात ओपीडीत एक आजी आल्या. कमरेला चुंबकाचा पट्टा होता आणि रक्तदाबाची गोळी तीन महिने बंद. पट्टा विकणाऱ्याने त्यांना पटवलं होतं, की रक्तात लोह असतं, चुंबक ते ओढतो आणि रक्त मोकळं वाहू लागतं. मशीनवर वरचा आकडा २०० च्या पुढे होता. गोळी पुन्हा सुरू केली, सुनेला बाजूला घेऊन समजावलं. पट्ट्यावरून मात्र वाद घातला नाही, कारण बाहेर रांग मोठी होती. संध्याकाळी घरी जाताना विल्यम गिल्बर्टची आठवण झाली. तोही आमच्यासारखाच पेशंट तपासणारा डॉक्टर.

गिल्बर्टचा जन्म १५४४ चा, इंग्लंडमधल्या कोलचेस्टर गावचा. केंब्रिजला शिकून १५६९ मध्ये तो एम.डी. झाला, पुढे लंडनमध्ये त्याचा जम बसला. १६०० मध्ये तो तिथल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा अध्यक्ष झाला आणि त्याच सुमारास पहिल्या एलिझाबेथ राणीचा वैद्य. लग्न केलं नाही. दिवसभर पेशंट झाले, की उरलेला वेळ आणि पैसा दगडांवर. दगड म्हणजे निसर्गात सापडणारा लोहचुंबक.

त्या काळी चुंबकाबद्दल जुन्या ग्रंथांत जे लिहिलं होतं, ते शिकलेली माणसंही खरं मानत. लसूण चोळली की चुंबकाची शक्ती जाते. हिरा जवळ ठेवला तरी जाते, आणि हिऱ्यावर घासलेलं लोखंड उत्तर दाखवतं. गिल्बर्टने चुंबकाला लसणीचा रस फासला. काही झालं नाही, सुई ओढली गेली ती गेलीच. मग साक्षीदारांसमोर त्याने एक-दोन नव्हे, ७५ हिरे तपासले. एकानेही लोखंडात चुंबकत्व आणलं नाही. एका हिऱ्यावर भागलं असतं असं आपल्याला वाटेल. पण उद्या कुणी म्हणेल, तुमचा हिराच खोटा होता! औषधं तपासणाऱ्या माणसाला ही शंका लगेच कळते.

होकायंत्राची सुई उत्तरेकडेच का वळते, हा खलाशांच्या जिवाशी गाठ असलेला प्रश्न होता. कुणी म्हणे ध्रुवतारा तिला ओढतो, कुणी म्हणे उत्तरेला चुंबकाचे डोंगर आहेत. रॉबर्ट नॉर्मन नावाच्या होकायंत्र बनवणाऱ्या कारागिराने १५८१ मध्ये छापलं होतं, की मोकळी टांगलेली सुई नुसती उत्तरेकडे वळत नाही, तिचं टोक खाली जमिनीकडेही झुकतं. कारागिराचं म्हणणं विद्वानांनी मनावर घेण्याचा तो काळ नव्हता, गिल्बर्टने घेतलं. त्याने चुंबकाच्या दगडाचा गोल घडवला, म्हणजे पृथ्वीचं छोटं रूप, आणि त्यावर बारीक सुई फिरवून पाहिली. गोलाच्या मध्यावर ती आडवी राहिली, ध्रुवाकडे नेली तशी झुकत गेली आणि ध्रुवावर उभी राहिली. जहाजावर जे दिसत होतं तेच टेबलावर दिसलं. म्हणजे सुईला ओढणारं आकाशात काही नाही, पृथ्वीच एक मोठा चुंबक आहे! १६०० मध्ये लॅटिनमध्ये छापलेल्या त्याच्या ‘दे माग्नेते’ या ग्रंथाचा हा गाभा.

त्याच ग्रंथात एक प्रकरण तृणमणी घासल्यावर काय होतं याबद्दल आहे. आपल्याकडे या पिवळ्या खड्याचं नावच त्याचा गुण सांगतं, तो गवताची काडी ओढतो. लोक हे आणि चुंबकाचं ओढणं एकच समजत. गिल्बर्टने टोकावर तोललेली हलकी धातूची सुई केली आणि एकेक वस्तू घासून तिच्याजवळ धरली. काच, गंधक, लाख, नीलमणी, सगळ्यांनी सुई वळवली. चुंबक घासावा लागत नाही, तो मुख्यतः लोखंडच ओढतो आणि मधे कागद धरला तरी ओढतो. घासलेली काच मात्र हलकं काहीही ओढते, पण मधे कागद आला की थांबते. दमट हवेत तर तिचा जोरच जातो. प्लास्टिकचा कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलण्याचा खेळ जुलैत फसतो आणि जानेवारीत जमतो, तो याचमुळे. दमट हवेत वस्तूवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि जमलेला विद्युतभार त्यावरून निघून जातो. तृणमणीच्या ग्रीक नावावरून गिल्बर्टने या गुणाला शब्द दिला, त्यातूनच पुढे इलेक्ट्रिसिटी आली.

त्याचं सगळंच बरोबर नव्हतं. चुंबकाला आत्मा असतो असं तो मानत असे. विद्युतभारित वस्तू एकमेकींना दूरही लोटतात, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. पण चुंबकाची पूड घातलेला लेप लावून शरीरात रुतलेलं बाणाचं लोखंडी टोक बाहेर निघतं, या वैद्यांच्या दाव्याची त्याने चांगलीच खिल्ली उडवली. आजींच्या पट्ट्याची गोष्ट याहून वेगळी नाही. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं, ते खिळ्यासारखं चुंबकाला चिकटत नाही. चिकटत असतं, तर एमआरआयच्या यंत्रात शिरलेला माणूस धडपणे बाहेर आला नसता, कारण तिथला चुंबक कमरेच्या पट्ट्याच्या कितीतरी पट जोरदार असतो. पुढच्या वेळी आजी आल्या की हे सांगायचं ठरवलं आहे, रांग असली तरी.

मार्च १६०३ मध्ये राणी गेली. नव्या राजाने गिल्बर्टला वैद्य म्हणून ठेवलं, पण त्या वर्षी लंडनमध्ये प्लेगने हजारो माणसं नेली. वर्ष संपण्याआधी गिल्बर्टही गेला, बहुधा त्याच प्लेगने. पुस्तकं, पृथ्वीगोल, उपकरणं आणि खनिजांचा संग्रह त्याने कॉलेज ऑफ फिजिशियन्सला दिला होता. १६६६ च्या लंडनच्या आगीत कॉलेजची इमारत जळाली, त्यात हा ठेवाही गेला.