निर्भय संपादक : मौलवी मुहम्मद बाकर

नवी दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागार आहे. तेथे देशाच्या इतिहासाचे जुने कागदपत्र जपून ठेवलेले आहेत. त्यांत १८५७ सालच्या एका उर्दू साप्ताहिकाचे काही अंकही आहेत. त्या साप्ताहिकाचे नाव ‘देहली उर्दू अखबार’. हे अंक काढणाऱ्या संपादकांना त्याच वर्षी आपले प्राण गमवावे लागले. त्यांचे नाव मौलवी मुहम्मद बाकर.

मौलवी साहेब दिल्लीचे राहणारे. त्यांचे वडील मौलवी मुहम्मद अकबर हे विद्वान म्हणून प्रसिद्ध होते. मौलवी बाकर यांचे शिक्षण दिल्ली कॉलेजात झाले. काही काळ त्यांनी तेथेच शिकवले. पुढे त्यांनी महसूल खात्यात नोकरीही केली. प्रसिद्ध शायर जौक हे त्यांचे जिवलग मित्र होते.

मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ सुरू केले होते. १८३५ साली वृत्तपत्रांवरील कडक बंधने सरकारने उठवली. त्यानंतर १८३७ च्या सुमारास मौलवी साहेबांनी दिल्लीत आपले साप्ताहिक सुरू केले. ते शिळाछापावर छापले जाई. कातिब सुंदर अक्षरांत मजकूर लिहीत. तो मजकूर दगडावर उतरवून त्याच्या प्रती काढल्या जात. बादशहाच्या दरबारच्या बातम्या एका सदरात, तर कंपनी सरकारच्या बातम्या दुसऱ्या सदरात येत.

१० मे १८५७ रोजी मेरठ येथे सैनिकांनी उठाव केला. दुसऱ्या दिवशी ते दिल्लीत आले. शहरात एकच धावपळ उडाली. अशा वेळी मौलवी साहेब घरात बसून राहिले नाहीत. शहरात काय चालले आहे ते त्यांनी स्वतः जाऊन पाहिले. १७ मे च्या अंकात त्यांनी ती सारी हकीकत छापली.

मौलवी साहेब उठावाच्या बाजूचे होते. हिंदू व मुसलमान यांनी एकजुटीने लढावे, असे ते आपल्या अखबारातून सांगत. तरीही त्यांनी खरी परिस्थिती लपवली नाही. शहरात लूटमार होत आहे, दुकाने बंद आहेत, गोरगरिबांचे हाल होत आहेत, हेही त्यांनी छापले. आपल्या बाजूचे दोष सांगायलाही धैर्य लागते. ते धैर्य त्यांच्याजवळ होते.

१२ जुलैपासून बादशहा बहादुरशाह जफर यांच्या नावावरून साप्ताहिकाचे नाव ‘अखबार-उज-जफर’ झाले. त्याचा शेवटचा अंक १३ सप्टेंबर रोजी निघाला. दुसऱ्याच दिवशी इंग्रज फौजेने शहरावर हल्ला चढवला. दिल्ली पडली. मौलवी साहेब पकडले गेले आणि त्यांना मृत्युदंड देण्यात आला. देशासाठी प्राण देणारे पहिले पत्रकार म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

त्यांचे पुत्र मुहम्मद हुसैन आझाद यांना घरदार सोडावे लागले. निघताना त्यांनी दुसरे काही घेतले नाही. उस्ताद जौक यांच्या गझलांचे कागद तेवढे उचलले. पुढे लाहोरला राहून त्यांनी १८८० साली ‘आब-ए-हयात’ हा उर्दू शायरांवरील प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला.

१८५७ ची बरीच हकीकत इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिली आहे. परंतु शहरातल्या माणसाने काय पाहिले, काय सोसले, हे जाणण्यासाठी अभ्यासकांना मौलवी साहेबांचे अंक उघडावे लागतात. वर्तमानपत्र शिळे झाले की आपण ते रद्दीत टाकतो. पण कोणीतरी हे थोडे अंक जपले. म्हणून दीडशेहून अधिक वर्षांनंतरही मौलवी साहेबांनी पाहिलेली दिल्ली आपल्याला पाहता येते.