न्यूट्रिनोचे उपासक : ब्रूनो पाँतेकोर्व्हो

सूर्यापासून निघालेले कोट्यवधी अतिसूक्ष्म कण क्षणोक्षणी आपल्या शरीरातून आरपार जात असतात, आणि आपणांस त्याची वार्ताही नसते. या कणांस न्यूट्रिनो म्हणतात. अवघी पृथ्वीदेखील ते सहज भेदून जातात. मग त्यांना पकडावे कसे? या प्रश्नाचा ज्यांनी जन्मभर ध्यास घेतला, त्या ब्रूनो पाँतेकोर्व्हो यांचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

त्यांचा जन्म २२ ऑगस्ट १९१३ रोजी इटलीतील मारिना दी पिसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. रोम येथे एन्रिको फर्मी यांच्या शिष्यमंडळात ते वयाने सर्वांत लहान. १९३४ साली त्यांच्या व आमाल्दी यांच्या ध्यानी एक चमत्कारिक गोष्ट आली. न्यूट्रॉनांचा मारा केलेली चांदी संगमरवरी मेजापेक्षा लाकडी मेजावर कितीतरी अधिक किरणोत्सर्गी होई. लाकडातील हायड्रोजनमुळे न्यूट्रॉनांची गती मंदावते व मंद न्यूट्रॉन अणुगर्भात अधिक सहज शिरतात, असा उलगडा फर्मी यांनी केला. लहानशी विसंगतीही उपेक्षू नये, हा धडा पाँतेकोर्व्हो यांस येथे मिळाला.

१९३६ मध्ये ते पॅरिसला जोलिओ-क्यूरी दांपत्याकडे गेले. १९३८ साली इटलीत ज्यूविरोधी कायदे झाले आणि मायदेशाची वाट बंद झाली. १९४० मध्ये जर्मन सेना पॅरिसवर चालून आली, तेव्हा पत्नी व लहान मुलास आगगाडीने पुढे धाडून ते स्वतः सायकलवरून तुलूझकडे निघाले. तेथून अमेरिका व पुढे कॅनडा गाठून १९४६ मध्ये त्यांनी न्यूट्रिनो पकडण्याची युक्ती सुचविली: क्लोरीनच्या अणूने न्यूट्रिनो गिळला, तर त्याचा अर्गॉन होतो, तो अर्गॉन मोजावा.

१९५० साली इंग्लंडमधील अणुसंशोधन केंद्रात नोकरीस असताना ते पत्नी व तीन मुलांसह सुट्टीवर गेले आणि एकाएकी नाहीसे झाले. पाच वर्षांनी, १९५५ मध्ये, ते रशियात असल्याचे जगास कळले. साम्यवादावर त्यांची निष्ठा होती. त्यांच्यावर हेरगिरीचा संशय घेतला गेला. तो सिद्ध झाला नाही. परंतु या निर्णयाचे मोल त्यांना फार पडले. इटलीत पाऊल ठेवण्यास त्यांना १९७८ साल उजाडले.

दुब्ना येथील प्रयोगशाळेत मात्र त्यांचे चिंतन थांबले नाही. न्यूट्रिनो वाटेत आपले रूप पालटू शकेल, ही कल्पना त्यांनी १९५७ मध्ये मांडली. इलेक्ट्रॉनासवेचा व म्युऑनासवेचा न्यूट्रिनो भिन्न आहेत की एकच, हे प्रयोगाने कसे ठरवावे, याचा मार्ग त्यांनी १९५९ मध्ये दाखविला. त्यांच्यापाशी पुरेसे प्रबळ यंत्र नव्हते. १९६२ साली अमेरिकेत तिघा शास्त्रज्ञांनी ते भिन्न असल्याचे सिद्ध केले आणि १९८८ चे नोबेल पारितोषिक त्या त्रयीस लाभले.

तिकडे रेमंड डेव्हिस यांनी क्लोरीनचीच युक्ती वापरून अमेरिकेतील एका सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोल, ३,८०,००० लिटर द्रवाची टाकी बसविली. १९६८ पासून हाती आलेले सौर न्यूट्रिनो गणिताच्या सुमारे एकतृतीयांशच भरू लागले. कोणी प्रयोगास दोष दिला, कोणी गणितास. पाँतेकोर्व्हो यांनी मात्र न्यूट्रिनोच वाटेत जात पालटतात, असे सुचविले. कारण डेव्हिस यांच्या टाकीस एकाच जातीचे न्यूट्रिनो ओळखता येत.

या मताची सत्यता पाहण्याचे भाग्य त्यांस लाभले नाही. २४ सप्टेंबर १९९३ रोजी दुब्ना येथे त्यांचा अंत झाला. १९९८ मध्ये जपानमधील प्रयोगाने रूपांतराचा भक्कम पुरावा दिला. पुढे २००१ व २००२ मध्ये कॅनडातील खाणीत जड पाण्याच्या साहाय्याने सर्व जातींचे सौर न्यूट्रिनो मोजले गेले, आणि बेरीज गणिताशी जुळली. न्यूट्रिनोस किंचित का होईना वस्तुमान आहे, हेही त्यामुळे ठरले. २०१५ चे नोबेल पारितोषिक या दोन प्रयोगांच्या धुरीणांस मिळाले.

त्यांच्या इच्छेनुसार त्यांची अर्धी रक्षा दुब्ना येथे व अर्धी रोम येथे विसावली आहे. ज्या सीमा त्यांना स्वतःला अठ्ठावीस वर्षे ओलांडता आल्या नाहीत, त्या त्यांच्या विचाराने केव्हाच ओलांडल्या होत्या. हाती साधन नसले तरी योग्य प्रश्न विचारता येतो, आणि त्याचे उत्तर दुसऱ्याच्या हातून मिळाले तरी ते सर्वांचेच असते, हे या चरित्रावरून आम्हांस शिकता येते.