हेमू अधिकारी (क्रिकेट खेळाडू)

हेमचंद्र ऊर्फ हेमू अधिकारी (३१ जुलै १९१९, पुणे – २५ ऑक्टोबर २००३, मुंबई) हे भारतीय कसोटी क्रिकेटपटू, सैन्याधिकारी व प्रशिक्षक होते. महायुद्धामुळे त्यांच्या पहिल्या कसोटीला १९४७ साल उजाडले. कारकिर्दीत ते २१ कसोट्याच खेळले. क्षेत्ररक्षणाकडे दुर्लक्ष होण्याच्या त्या काळात कव्हरवरील त्यांची चपळाई अपवादात्मक होती.

१९५९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या दिल्ली कसोटीत ते त्या एकाच मालिकेतील भारताचे चौथे कर्णधार झाले. खचलेल्या संघासाठी त्यांनी ६३ व ४० धावा काढल्या, तीन बळी घेतले आणि सामना अनिर्णित राहिला. तीच त्यांची अखेरची कसोटी.

पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी तरुणांकडून क्षेत्ररक्षणाचा कठोर सराव करून घेतला. १९७१ मध्ये भारताने इंग्लंडमध्ये प्रथमच मालिका जिंकली, तेव्हा संघाचे व्यवस्थापक तेच होते. ओव्हलच्या त्या निर्णायक कसोटीत एकनाथ सोलकर यांनी ॲलन नॉट यांचा फलंदाजाजवळ झेपावून घेतलेला झेल विशेष गाजला.