पंडिता रमाबाईंना लाभलेली शांती

धनज व त्याच्या आसपासच्या वऱ्हाडी खेड्यांतील मंडळ्यांत असे काही बंधुभगिनी असतील की, ज्यांचा बाप्तिस्मा होऊन वर्षे लोटली, जे दर रविवारी उपासनेस येतात, परंतु ज्यांच्या अंतःकरणास स्वस्थता नाही. पाऊस लांबला, कपाशी सुकू लागली, देणेकरी दाराशी आला, की त्यांचे मन वावटळीतील पाचोळ्यासारखे भिरभिरते. अशांनी पंडिता रमाबाईंचे चरित्र अवश्य ध्यानी घ्यावे. कारण बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांनाही ह्याच स्थितीत काढावी लागली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने रमेस शिकविले. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरत असे. पुढे दुष्काळ पडला. त्यात प्रथम वडील, मग आई व नंतर वडील बहीण अशी एकामागून एक निवर्तली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास हे पायी देश तुडवीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी त्यांच्या पांडित्याचा गौरव करून त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. तथापि ज्या मनाने इतकी तीर्थे व व्रते केली, ते रितेच राहिले होते.

१८८० साली बंधू वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला. परंतु ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पतीही गेले. त्या वेळी कन्या मनोरमा अवघी दहा महिन्यांची होती. पतीच्या हयातीत सिल्चर येथे लूककृत शुभवर्तमान रमाबाईंच्या हाती पडले होते. पुढे त्या १८८३ साली इंग्लंडास गेल्या. तेथे फुलहॅम येथे भगिनीसंघाच्या स्त्रिया पतित स्त्रियांची प्रेमाने सेवा करीत आहेत, हे त्यांनी पाहिले. शोमरोनी स्त्रीची कथा तेव्हा त्यांच्या अंतःकरणास भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

वाचकांस वाटेल की, येथे त्यांचा शोध संपला. तसे झाले नाही. बुद्धीस धर्म पटला होता. परंतु पापाचे ओझे उतरले नव्हते. १८८९ साली मुंबईत त्यांनी विधवांकरिता शारदा सदन काढले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. कामात उणे नव्हते, कीर्तीतही नव्हते. उणे होते ते अंतरी. अशा वेळी हॅस्लम नामक एका इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा मनुष्य उपदेशक असूनही आपले स्वतःचे तारण झाले नाही, असे त्यास उमजले होते. ते वाचून रमाबाईंस आपलीच अवस्था दिसली. आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, पण प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नाही, हे त्यांनी जाणले. तेव्हा, म्हणजे १८९१ च्या सुमारास, त्यांनी आपली विद्या, सत्कर्मे व पदव्या बाजूस ठेवून, केवळ एक पापी स्त्री ह्या नात्याने प्रभूचे पाय धरले, आणि त्यांस शांती लाभली.

ही शांती क्षणिक नव्हती, हे पुढील आयुष्याने दाखविले. १८९३ साली सदनातील मुलींच्या धर्मांतरावरून पुण्यात वादळ उठले. सल्लागार मंडळातील थोर पुरुषांनी राजीनामे दिले व पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात स्वतः गेल्या व सुमारे तीनशे अनाथ मुली व स्त्रियांस घेऊन आल्या. एके काळी त्या स्वतः अशाच उपाशीपोटी वाट चालल्या होत्या. ह्या अनाथांसाठी केडगाव येथे मुक्ति सदन उभे राहिले. उतारवयात त्यांनी इब्री व हेल्लेणी भाषा शिकून सबंध पवित्र शास्त्र सोप्या मराठीत उतरविले, ते खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीसही कळावे म्हणून.

शेवटची कसोटी सर्वांत कठीण होती. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. ज्या एकुलत्या एका लेकीवर पुढील कार्याचा भार टाकावयाचा, तीच आधी गेली. तरीही त्या मातेने भाषांतराचे काम सोडले नाही. ते पुरे झाले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी निद्रेतच त्यांनी देह ठेवला.

बंधुभगिनींनो, रमाबाईंचे दुःख कधी सरले नाही. परंतु दुःखाने त्यांची शांती हिरावली नाही. ती शांती विद्येने मिळाली असती, तर कलकत्त्यासच मिळाली असती. विधीने मिळाली असती, तर वाँटेजला मिळाली असती. सत्कर्मांनी मिळाली असती, तर शारदा सदनात मिळाली असती. रिकामे हात पुढे केले तेव्हाच ती मिळाली. ज्यास अक्षरओळख नाही, ज्याचे शेत कर्जात आहे, त्याच्याजवळही रिकामे हात आहेतच. आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस विचारावे की, माझे नाव मंडळीच्या वहीत आहे खरे. पण माझ्या अंतरी प्रभू आहे काय?