नीरेच्या आंबण्याशी झुंजलेल्या उद्योगाचे पुरस्कर्ते : जे. सी. कुमारप्पा

चेन्नई, ३० जानेवारी : ताडावरून पहाटे उतरवलेली गोड नीरा दुपारपर्यंत आंबून ताडी होते. या काही तासांवर ज्याचे यशापयश ठरते, त्या ताडगुळाच्या उद्योगाचे आग्रही पुरस्कर्ते, ग्रामोद्योगांचे अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांची आज पुण्यतिथी.

४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे जन्मलेले जोसेफ कॉर्नेलियस लंडनमध्ये हिशेबतपासनीस झाले आणि मुंबईत त्यांनी व्यवसाय थाटला. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात भारतीय दारिद्र्याचा अभ्यास करताना त्यांची दिशा बदलली. १९२९ मध्ये साबरमतीला महात्मा गांधींची भेट झाली. पाश्चात्त्य पोशाख सुटला, कुमारप्पा हे मूळ घराण्याचे नाव परत आले. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ते चिटणीस झाले आणि वर्ध्याची मगनवाडी त्यांची कर्मभूमी ठरली.

ताडगुळाकडे त्यांनी हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले. ताड, शिंदी पडीक जमिनीवर वाढतात. त्यांच्यापासून गूळ मिळाला तर उसाखालची सुपीक जमीन धान्यासाठी मोकळी होईल, असे त्यांचे गणित होते. त्याला लवकरच निकडीचे रूप आले. १ ऑक्टोबर १९३७ रोजी राजाजींच्या सरकारने सेलम जिल्ह्यात दारूबंदी लागू केली. ताडी काढून पोट भरणाऱ्यांच्या हातचे काम गेले. झाड तेच, कसब तेच. रस तेवढा आंबू द्यायचा नव्हता.

अडचण नेमकी तिथेच होती. ताज्या रसात १० ते १२ टक्के साखर असते. पोयीवर आणि मडक्यात दडलेले यीस्ट तिचे मद्य करते. त्याच वेळी दह्यातील जिवाणूंचे भाईबंद असलेले लॅक्टिक आम्ल जिवाणू रस आंबट करतात. त्यांपैकी ल्युकोनोस्टॉक तो बुळबुळीतही करतो. मग ॲसिटिक आम्ल जिवाणू ताडीचा शिरका करतात. गूळ करणाऱ्याचा खरा शत्रू मात्र आम्ल. ते साखरेचे विघटन करते. असा रस कितीही आटवला तरी ढेप बांधली जात नाही, चिकट काकवीच उरते.

त्यावरचा उपाय साधा आणि स्वस्त होता : मडके आतून चुन्याने सारवणे. चुन्याच्या अल्कधर्मी गुणामुळे जिवाणू व यीस्ट यांची वाढ रोखली जाते. तरीही रस त्याच दिवशी कढईत जावा लागतो. चुना कमी पडला तर रस आंबतो. जास्त झाला तर तो काढून टाकल्याशिवाय गूळ काळपट व बेचव होतो. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मद्रास प्रांतभर दारूबंदी झाली, तेव्हा ताडगुळाच्या सहकारी संस्थांचा आधार हेच चुन्याचे मडके होते.

१९४२ च्या आंदोलनात कुमारप्पांना तुरुंगवास घडला. अखेरची वर्षे त्यांनी मदुराईजवळील कल्लुपट्टीत काढली. गांधीजींच्याच पुण्यतिथीला, ३० जानेवारी १९६० रोजी मद्रासमध्ये त्यांचे निधन झाले.

तमिळनाडूत ताडीवर आजही बंदी आहे. पदनीर, म्हणजे चुन्याच्या मडक्यातील नीरा, मात्र उन्हाळ्यात रस्त्याकडेला ताडाच्या पानाच्या द्रोणात मिळते. ती सकाळीच प्यावी लागते.